कागदावर नऊ, पाण्यात आठ

६ जानेवारी

ती. मामांना सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला हे लेखी हवं आहे, म्हणून पत्र.

बंदराच्या कार्यालयाने जुने नकाशे मीटरमध्ये आणायला घेतले आहेत. पूर्वेकडची वाट जहाजांसाठी पुन्हा उघडायची आहे. तिथली खोली चौतीस वर्षांपूर्वी तुमच्याच होडीवरून मोजली होती, फॅदममध्ये. नवीन मोजणी माझ्याकडे आहे. त्यासोबत साहेबांनी एक जादा काम दिलं: नव्या भरतीतल्या मुलांना फॅदम म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन पानांचं टिपण लिहा.

कोशांत जे मिळालं ते असं. एक फॅदम म्हणजे सहा फूट, साधारण एक मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटर. आपल्याकडचा शब्द वाव. इंग्रजीत हा शब्द फार जुना. मुळात त्याचा अर्थ पसरलेले हात, म्हणजे मिठी. मग पसरलेल्या हातांत मावेल एवढी लांबी. मग दोरीचं, साखळदंडाचं, पाण्याच्या खोलीचं माप. खाणीत आणि लाकडाच्या वखारीतही तो चाले, सहा फुटी ढीग मोजायला. क्रियापद म्हणून आधी कवेत घेणे, नंतर तळ मोजणे, आणि शेवटी समजून घेणे. समजण्याच्या अर्थाने तो हल्ली बहुधा नकारासोबतच येतो, आपण थांग लागत नाही म्हणतो तसा.

हे टिपणाला पुरेल. पण होडीवर तो कसा वापरत, हे कोशात नाही. दोरीवर खुणा कशा असत आणि चूक किती धरायची, एवढं कळवा. गोष्टी नकोत.

आईचा गुडघा बरा आहे. बाबा वजनकाट्यावर कामाला जातात, येतात.

तुमची भाची

१५ जानेवारी

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

गोष्टी नकोत म्हणालीस, म्हणजे पाण्याशिवाय पोहायला सांगितलंस. तुला दात येत होते तेव्हाही तू आधी चमचा न्याहाळायचीस आणि मग चावायचीस. असो. जमेल तेवढं सुकं लिहितो.

आमच्याकडे एक दोरी असे, पंचवीस वाव लांब. टोकाला सात पौंडांचं शिसं. शिशाच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरायची. शिसं तळाला टेकलं की चरबीला वाळू, शिंपले, चिखल जे असेल ते चिकटून वर यायचं. काही चिकटलं नाही, नुसता ओरखडा आला, तर खाली खडक. तुमचं यंत्र खोली सांगतं, पण तळाची चव सांगत नाही.

खुणांचं म्हणशील तर दोन वावांवर दोन शेपट्यांचं चामडं, तीनवर तीन शेपट्यांचं, पाचवर पांढरं कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. मधले आकडे अंदाजाने. धुक्यात दिसत नसे, तेव्हा बोटांनी चाचपायचं, बोटं गारठली तर ओठांनी. मी अजून डोळे मिटून लाल कापड आणि पांढरं कापड वेगळं सांगेन. सुनेला हे सांगितलं तर तिने माझ्यापुढे रुमालांचा ढीग ठेवला, घड्या घालायला.

चूक किती धरायची, तेही विचारलंस. नवी दोरी भिजवून, ताणून मगच खुणा करायच्या, कारण दोरी पाण्यात आटते आणि वापरून सैलावते. धक्क्यावर दर सहा फुटांवर पितळी खिळे ठोकलेले होते. रोज सकाळी दोरी त्या खिळ्यांशी ताडायची आणि मगच होडीत चढायचं, असा नियम. नियम पाळला तर पाच वावांत चार बोटांपेक्षा जास्त चूक नाही.

मिठीचं ठाऊक नव्हतं. आमचे जुने तांडेल, होडीचे म्होरके, एवढंच म्हणत, की फॅदम हा माणसाच्या अंगातून निघालेला आकडा आहे, म्हणून त्याला माणसासारखंच तपासत राहावं लागतं. हे तुझ्या टिपणात घाल. फुकट देतो.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

तांडेलांचं वाक्य टिपणात घातलं. साहेबांना आवडलं. त्यांना वाटतं ते माझं आहे. मी दुरुस्ती केली.

आता दुसरं. पूर्वेकडच्या वाटेची मोजणी झाली. जुन्या नकाशातले आकडे आणि यंत्राचे आकडे जुळत नाहीत. जुन्या नकाशात नऊ फॅदम आहे तिथे पाण्यात आठ आहे. पावणेसात आहे तिथे सहा. साडेचार आहे तिथे चार. मी एकशे बारा ठिकाणं तपासली. सगळीकडे नऊला आठ. बंदराच्या बाकी भागात मात्र जुना नकाशा चोख आहे. फरक आहे तो फक्त शेवटच्या अकरा दिवसांत मोजलेल्या पट्ट्यात.

हा पट्टा कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. सत्तावीस वर्षांपूर्वी पश्चिमेची वाट गाळ काढायला बंद होती, म्हणून बाबांनी जहाज या वाटेने आत आणलं. ते तेव्हा पायलट होते, बाहेरून येणारी जहाजं बंदरात घेणारे. जहाज साडेचार फॅदमच्या खडकावर बसलं. धक्क्याने एक खलाशी फळीवरून खाली पडला आणि गेला. चौकशीत ठरलं, की नकाशाप्रमाणे तिथे पुरेसं पाणी होतं, त्या अर्थी पायलटने रेषा सोडली. परवाना रद्द. मी तेव्हा अकरा महिन्यांची होते. आमच्या घरी या विषयावर कोणी बोलत नाही, त्यामुळे मी हे पहिल्यांदा कागदावरच वाचलं.

मी हिशेब केला. साडेचार फॅदम म्हणजे सत्तावीस फूट. त्या वेळी भरतीचे दोन फूट होते. एकोणतीस. जहाज पाण्यात सत्तावीस फूट बुडालेलं. कागदावर बाबांच्या हातात दोन फूट शिल्लक होते. पाण्यात एक फूट कमी पडत होता. म्हणजे ते बरोबर रेषेवर होते, आणि तरीही जहाज बसणारच होतं.

शेवटच्या अकरा दिवसांत दोरी कोणती होती, आणि तिच्या खुणा कोणी केल्या?

तुमची भाची

२० फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. इथल्या पोस्टाला समुद्र नाही तरी भरती-ओहोटी आहे.

चौतीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. दोन नद्या त्या बंदरात गाळ आणून टाकतात. तळ वर येणारच. आम्ही मोजलं तेव्हा पाणी नऊ असेल, आज आठ आहे, यात नवल काय? तुमची यंत्रं नवीन आहेत म्हणून जुनी माणसं चुकीची ठरत नाहीत.

आणि जे होऊन गेलं ते उकरून तुझ्या बाबांना काय मिळणार आहे? त्यांचं रक्तदाबाचं औषध नियमित चालू आहे का ते बघ. तुझ्या आईला, आमच्या धाकटीला, जिना कमी चढायला सांग. तुझ्या लग्नाचं विचारत नाही, विचारलं तर मोजमापं मागशील.

तुझा मामा

२४ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न.

गाळाचा थर साचतो. तो सगळीकडे सारख्या प्रमाणात, नेमका नवव्या हिश्शाने साचत नाही. शिवाय एकशे बारापैकी एकेचाळीस ठिकाणी तळ खडकाचा आहे. तुमच्याच टिपणवहीत त्या ठिकाणांपुढे ‘चरबी कोरी, ओरखडा’ असं तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे. खडक वाढत नाही.

चौकशीची पूर्ण फाइल मागवून घेतली. तीन सुनावण्या झाल्या. पहिल्या दोन सुनावण्यांत बाबा ठासून सांगतात, की मी रेषेवर होतो, नकाशा तपासा. तिसऱ्या सुनावणीत एकच ओळ आहे: मला काही सांगायचं नाही. दुसरी आणि तिसरी यांत बारा दिवसांचं अंतर आहे. फाइलमध्ये धक्क्याच्या फाटकाची नोंदवही जोडलेली आहे; चौकशीपुरते बाबा धक्क्यावरच्या कार्यालयात बसत. त्या बारा दिवसांत बाबांना भेटायला फक्त एक माणूस आला, दोनदा. तुम्ही.

औषध नियमित आहे. जिना एकच आहे आणि तो चढल्याशिवाय आई घरी पोचू शकत नाही.

तुमची भाची

९ मार्च

चि. मोजपट्टीस,

तू पोलिसात जायला हवी होतीस.

बरं, लिहून घे. जुनी दोरी नांगरात अडकून तुटली. मोजणीचे अकरा दिवस उरले होते आणि साहेब घाई करत होते. नवी दोरी मी आणली, आणि खिळ्यांशी न लावता हात पसरून वाव वाव मोजून खुणा केल्या. माझ्या हातांनी. आळस केला. पुढे रोज सकाळी ताडायची होती, तीही ताडली नाही. तुझ्या बाबांना मी हे सांगितलं, आणि ते मोठ्या मनाने गप्प राहिले, कारण माझी नोकरी गेली असती.

मी आता चौसष्ट वर्षांचा आहे. माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही. अहवालात माझं नाव घाल, पद घाल, पाहिजे तर फोटो घाल. तुझे बाबा मोकळे होतील. सही करून जबाब सोबत जोडला आहे.

एकच विनंती. हे तुझ्या आणि माझ्यात आणि कार्यालयात राहू दे. घरी तपशील सांगत बसू नकोस.

मामा

१३ मार्च

ती. मामांना सा. न.

तुमचा जबाब मिळाला. मी तो कार्यालयात दिलेला नाही, कारण तो अर्धा खरा आहे.

नऊला आठ म्हणजे बहात्तर इंचांच्या जागी चौसष्ट. ज्याने खुणा केल्या त्याचे पसरलेले हात पाच फूट चार इंच भरत होते. माणसाचे पसरलेले हात साधारण त्याच्या उंचीएवढे असतात. तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून येता. तुम्ही हाताने मोजलं असतं तर फरक एखाद्या इंचाचा आला असता आणि जहाज बसलं नसतं.

रविवारी आईने कपडे वाळत घालायची दोरी बदलली. दुकानातून आणलेली दोरी तिने हात पसरून तीन वेळा मोजली आणि कापली. ती आत गेल्यावर मी टेप लावला. सोळा फूट. तीन वेळा चौसष्ट इंच.

तिला तेव्हा एकोणीस वर्षं असतील. तिचा टाका चांगला होता, हे तुम्हीच पूर्वी सांगायचात.

मी रागावलेली नाही. मला फक्त घटनाक्रम हवा आहे. तिला हे माहीत आहे का?

तुमची भाची

२५ मार्च

चि. बाळास आशीर्वाद.

तिला माहीत नाही.

चामडी आणि कापडं दोरीत ओवून शिवावी लागतात, आणि आमचा शिवणारा माणूस तापाने पडला होता. होडीचं इंजिन बिघडलं होतं, मी त्यात कोपरापर्यंत बुडालेलो. धाकटीला म्हटलं, दोरी घेऊन धक्क्यावर जा, खिळ्यांशी लावून खुणा कर, आणि शिवून आण. दुपारचं ऊन होतं. तिने घरामागच्या सावलीत बसून हातांनी मोजलं. वाव म्हणजे हात पसरले की झालं, हे ती लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकत आली होती. संध्याकाळी दोरी माझ्या हातात दिली. टाके असे सुरेख, की होडीवर सगळे बघत राहिले. मी कौतुक करत राहिलो आणि ताडायचं राहून गेलं. एक दिवस राहिलं, मग अकरा दिवस राहिलं. माझा गुन्हा हा. त्यामुळे जबाब अर्धा खरा आहे हे तू बरोबर ओळखलंस, पण तो अर्धा मोठा आहे.

सात वर्षांनी जहाज बसलं. तुझे बाबा नकाशा तपासा म्हणून ओरडत होते, तेव्हा मला ती न ताडलेली दोरी आठवली. गोदामातून ती दोरी काढली, भिजवली, खिळ्यांवर धरली. पहिलाच खिळा चुकला. मी सरळ त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, मी उद्या साक्ष देतो. त्यांनी दोरी हातात घेतली, टाके पाहिले आणि विचारलं, हे कोणी शिवलंय? मी खोटं बोलू शकलो नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी मला बोलावलं ते साक्ष देऊ नको हे सांगायला. म्हणाले, माणूस मेलाय. तिच्या मांडीवर पोर आहे. माझ्या नावावर तो आधीच लागलाय, आता तिच्या नावावर कशाला? दोरी त्यांनी मागून घेतली. पुढे तिचं काय केलं, मी विचारलं नाही.

आम्हाला वाटलं आम्ही तिला सांभाळतोय. आता तुझ्यावर आहे. मी तुला सांगू नकोस म्हणणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस. पण मोजून सांग.

तुझा मामा

२८ मे

ती. मामांना सा. न.

उत्तराला उशीर झाला. घडलं ते क्रमाने लिहिते.

मी आठ दिवस विचार केला. नाव न घालता अहवाल लिहिता आला असता: दोरी प्रमाणाशी न ताडता वापरली गेली, पायलट रेषेवर होता. तेवढ्याने बाबा सुटले असते. पण अहवालाची एक प्रत घरी येणारच होती, आणि दोरी कोणाची, हा प्रश्न आईने पहिल्या मिनिटाला विचारला असता. मग खोटं बोलणाऱ्यांत मी तिसरी झाले असते.

मग एका रविवारी सकाळी चहाच्या वेळी दोघांसमोर जुन्या-नव्या आकड्यांच्या आलेखाचा कागद ठेवला आणि दोरीपर्यंत सगळं सांगितलं. आईने मला दोनदा समजावून सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी ती आकड्यांकडे पाहत नव्हती. तिने बाबांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?” ते हो म्हणाले. कधीपासून, तर तिसऱ्या सुनावणीच्या आधीपासून.

 बाबा म्हणाले, की घरात एकाने दबून राहायचं होतं आणि ते आधीच दबलेले होते. आई उठून उभी राहिली. ती आवाज चढवत नाही, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, “त्या खलाशाच्या बायकोपुढे मी तुमच्या वतीने मान खाली घालून उभी राहिले. घरी येऊन तुमच्याशी महिनाभर धड बोलले नाही. तेव्हाही तुम्ही बघत बसलात?”

बाबांनी आलेखाचा कागद घडी घालून बशीखाली ठेवला.  मला बालपणीच्या काही गोष्टी त्या क्षणी कळल्या: बाबांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला, तरी आई दुसऱ्या बाजूने का धरायची, आणि घरातली कुठलीही वस्तू फुटली की पहिली नजर त्यांच्याकडे का जायची. तिने त्यांना सत्तावीस वर्षं निष्काळजी माणूस समजून सांभाळून घेतलं होतं. आणि त्यांनी ते घेऊ दिलं होतं.

पुढे आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. या वेळी बाबा कामावरून लवकर येत आणि न सांगता भांडी घासत. ती घासलेली भांडी पुन्हा घासत नव्हती, एवढी प्रगती मी नोंदवली. नवव्या दिवशी तिने माझ्याकडे कोरा कागद मागितला. नाव घालायची गरज नाही, असं मी तिला सांगितलं. कार्यालयाला तुमचा जबाब पुरेसा आहे, असंही सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “माझ्या चुकीवर दुसऱ्यांच्या सह्या मी बऱ्याच सहन केल्या.”

तिचा जबाब आणि तुमचा सुधारलेला जबाब, दोन्ही अहवालाला जोडले आहेत. चौकशी मंडळाने जुना निष्कर्ष मागे घेतल्याचं पत्र मंगळवारी आलं. पायलट रेषेवर होता, असं त्यात स्पष्ट आहे. परवाना परत मिळणार नाही, वय उलटून गेलं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. वाचताना ती कुठे थांबली नाही, पण शेवटी चष्मा पुसायला तिला बराच वेळ लागला. त्या खलाशाच्या बायकोचा पत्ता तिने कार्यालयातून मागून घेतला आहे. ती स्वतः जाणार आहे. बाबा बरोबर येतो म्हणाले. तिने नाही म्हटलेलं नाही.

तुमच्यासाठी निरोप आहे, की तुम्ही इतक्यात येऊ नये. इतक्यात, असं ती म्हणाली. कधीच येऊ नये, असं म्हणाली नाही. मी मुद्दाम विचारून खात्री केली.

जबाब खाली उतरवते. तुम्ही तो तिच्या शब्दांत वाचावा, असं मला वाटतं.

“दोरीवरच्या खुणा मी केल्या. भावाने धक्क्यावरच्या खिळ्यांशी लावून मोजायला सांगितलं होतं. ऊन होतं, धक्का लांब होता, म्हणून मी घरी बसून हातांनी मोजलं. हात सगळ्यांचे सारखे नसतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यामुळे जहाज बसलं आणि एक माणूस गेला. ही चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहावी. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी जे करायचं ते बरोबर केलं होतं. ही चूक मला सत्तावीस वर्षं कोणी सांगितली नाही. ती चूक माझी नाही.”

साहेब म्हणाले, शेवटची दोन वाक्यं विषयाला सोडून आहेत, अहवालात बसत नाहीत, काढून टाका. मी काढली नाहीत.

तुमची भाची